आधी लाइन लीडर, मग बेल्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे: दीडशे माणसांचा कारखाना, मशीनिंग आणि असेंब्ली, तीन शिफ्ट. वरून लीन (अपव्यय काढून टाकत काम करण्याची, टोयोटातून आलेली पद्धत) राबवायचं ठरलं आहे आणि प्रशिक्षणाचं वर्षाचं बजेट एकदाच मंजूर होणार आहे. सगळ्या कामगारांना दोन दिवसांचा लीन जागृती वर्ग द्यावा, की चार हुशार इंजिनिअरांना ग्रीन बेल्ट (डेटावरून दोष कमी करण्याच्या सिक्स सिग्मा पद्धतीचं एक प्रमाणपत्र) करून आणावं? आणि बाजारातल्या इतक्या प्रमाणपत्रांपैकी कशाला खरंच अर्थ आहे?

माझं उत्तर: आधी दोन्ही करू नका. पहिला पैसा लाइन लीडर आणि शिफ्ट सुपरवायझर यांच्यावर लावा. तोही लीनच्या व्याख्या शिकवण्यावर घालवू नका. हाताखालच्या माणसाला काम कसं शिकवायचं, एवढंच त्यांना नीट शिकवा. बेल्टची वेळ येईल, पण साधारण वर्षभराने.

जागृती वर्ग मी स्वतः पुष्कळ घेतले आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल वाईट बोलायचा मला थोडा हक्क आहे. माणूस दोन दिवस खुर्चीत बसतो, सात प्रकारचे अपव्यय पाठ करतो, ठोकळे जोडायचा खेळ खेळतो, शेवटी ग्रुप फोटो निघतो. तिसऱ्या दिवशी तो त्याच फिक्स्चरपाशी (काम करताना सुटा भाग पकडून ठेवणाऱ्या चौकटीपाशी), त्याच टार्गेट बोर्डाखाली उभा असतो. एका ऑपरेटरने मला सातही अपव्यय जपानी नावांसकट घडाघडा म्हणून दाखवले होते. त्या वेळी त्याच्या पाठीमागे अर्धवट मालाचे तीन बिन भरून पडले होते. पुढच्या स्टेशनने माल उचलला नाही तर आपण थांबायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तो थांबला नसता, कारण तिथे मशीन थांबलं की सुपरवायझर ओरडायचा.

ग्रीन बेल्ट होऊन आलेल्या इंजिनिअरांचं दुखणं वेगळं. ते खरोखर काहीतरी शिकून येतात. प्रोजेक्ट निवडतात, डेटा गोळा करतात, आलेख काढतात. पण एकच नट तीन शिफ्टमध्ये पाच पद्धतींनी आवळला जात असेल, तर त्या डेटात मशीनचा दोष किती आणि हातांचा फरक किती, हे वेगळं काढायचं कसं? आधी एक पद्धत ठरवून ती सगळ्यांच्या हातात बसवावी लागते. ते इंजिनिअरच्या आवाक्यातलं काम नाही, कारण रात्री अडीच वाजता नव्या माणसाशेजारी तो उभा नसतो. लाइन लीडर असतो.

ही कल्पना काही माझी नाही. अमेरिकेत १९४० मध्ये, युद्धसामग्रीचं उत्पादन वाढवायची निकड निर्माण झाली तेव्हा, 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' म्हणजे टीडब्ल्यूआय हा सरकारी उपक्रम सुरू झाला. यंत्राला कधी हात न लावलेली माणसं कारखान्यांत भरती होत होती आणि त्यांना शिकवायला वेळ नव्हता. उपक्रम चालवणाऱ्यांनी कामगारांना थेट शिकवायचा नादच सोडला आणि त्यांच्या पर्यवेक्षकांना हाताशी धरलं. मुख्य अभ्यासक्रम तीन: काम शिकवण्याची रीत, कामाची पद्धत सुधारण्याची रीत आणि माणसांशी वागण्याची रीत. प्रत्येक अभ्यासक्रम दहा तासांचा, दोन तासांच्या पाच सत्रांत, दहाएक जणांच्या गटाला. १९४५ मध्ये उपक्रम थांबेपर्यंत सोळा लाखांवर लोकांना त्याची प्रमाणपत्रं मिळाली होती. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला टोयोटाने उचलला. अमेरिकेतले बहुतेक कारखाने तोवर तो विसरून गेले होते. पुढे १९८८ मध्ये जॉन क्राफसिक यांनी टोयोटाच्या पद्धतीला 'लीन' हे नाव दिलं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष कानबान (लागेल तेवढाच माल मागवणारी कार्डं), यू-आकाराच्या लाइन आणि फाइव्ह एस (जागा आवरून, नीट लावून ठेवण्याची रीत) यांच्यावर गेलं. ज्या शिकवण्याच्या रीतीवर हा डोलारा उभा होता, ती कोणाच्या नजरेत भरली नाही.

या अभ्यासक्रमातलं पहिलं प्रात्यक्षिक मला अजून आवडतं. दिव्याच्या वायरीला आत एक विशिष्ट गाठ मारतात, म्हणजे वायर ओढली गेली तरी ताण जोडणीवर येत नाही. प्रशिक्षक आधी ती गाठ कशी मारायची हे नुसतं तोंडी सांगतो. कोणालाच जमत नाही. मग तो एक शब्द न बोलता गाठ मारून दाखवतो. समोर बसलेल्याला सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं, तरीही तो मान डोलावतो आणि हातात वायर आली की अडकतो. तिसऱ्या वेळी प्रशिक्षक रीतसर शिकवतो आणि गाठ बसते. वीस वर्षं अनुभवाच्या सुपरवायझरचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा असतो. 'दहा वेळा सांगितलं तरी याच्या डोक्यात शिरत नाही' हे वाक्य त्याने आदल्याच दिवशी कोणाला तरी ऐकवलेलं असतं.

रीतसर म्हणजे चार पायऱ्या. शिकणाऱ्याची तयारी करून घ्यायची: काम कशासाठी आहे, त्याला आधी काय येतं, तो बघायला योग्य बाजूला उभा आहे का. मग काम करून दाखवायचं, तेही तीनदा. पहिल्यांदा फक्त टप्पे, दुसऱ्यांदा टप्प्यांबरोबर त्यातल्या मेखा, म्हणजे कळीच्या खुब्या, तिसऱ्यांदा त्या मेखांची कारणं. तिसरी पायरी म्हणजे त्याच्याकडून करून घेणं; आधी गप्प राहून, मग टप्पे बोलत, मग मेखा, मग कारणं. चौथ्या पायरीला त्याला एकट्याला सोडायचं, अडलं तर कोणाला विचारायचं ते नाव घेऊन सांगायचं, आणि सुरुवातीला दर तासाला, पुढे हळूहळू कमी वेळा, जाऊन बघायचं. वाचायला हे फार बाळबोध वाटतं. करताना बहुतेक जण दुसऱ्या पायरीला घाई करतात आणि चौथी तर खातातच.

खरी मेहनत मात्र त्याच्या आधी आहे, काम फोडून कागदावर मांडण्यात. तीन रकाने: टप्पा, मेख, कारण. मेख कशाला म्हणायचं याला नियम आहे. जिच्यामुळे काम बनतं किंवा बिघडतं, जिच्यामुळे माणसाला इजा होऊ शकते, किंवा जिच्यामुळे काम सोपं होतं, ती मेख. बाकी सगळं गाळायचं. बेचाळीस ओळींची कामसूचना ऑडिटरसाठी असते, माणूस ती वाचत नाही.

एक उदाहरण देतो. एका असेंब्लीत ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बसवायच्या स्टेशनवर गळतीचं रिजेक्शन यायचं. कामसूचनेत लिहिलं होतं: 'ग्रीस लावून ओ-रिंग खाचेत बसवा.' एका जुन्या ऑपरेटरच्या हातून गळती जवळजवळ नसायची, आणि त्याला विचारलं तर तो हीच ओळ सांगायचा. लाइन लीडर दोन तास त्याच्या खांद्यामागे उभा राहिला. रिंग बसवल्यावर तो गडी एक बोट तिच्यावरून गोल फिरवायचा. रिंगेवर साच्याची बारीक रेघ असते. रिंग पिळली गेली असेल तर रेघ तिरकी जाते आणि बोटाला ती जाणवते. मग तो रिंग काढून पुन्हा बसवायचा. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण आपण असं काही करतो हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. तीन रकान्यांत तो टप्पा असा उतरला: 'रिंग बसवा, बोट एकदा पूर्ण फिरवा, रेघ सरळ, पिळलेली रिंग गळते.' नव्या माणसांना ते अर्ध्या तासात जमलं. तुमच्या कारखान्यात अशी किती बोटं रोज गोल फिरत असतील आणि निवृत्तीबरोबर निघून जात असतील, ते मोजून बघा.

म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांचा बेत माझ्या मते असा: एकच लाइन घ्या. तिन्ही शिफ्टचे मिळून सहा ते आठ लीडर एका गटात बसवा. दहा तासांचा अभ्यासक्रम संपायच्या आत प्रत्येकाने आपल्या लाइनवरचं एक खरं काम फोडून, एका खऱ्या माणसाला सगळ्यांसमोर शिकवलं पाहिजे. काल्पनिक उदाहरण चालणार नाही. एकाच कामाचे तिन्ही शिफ्टचे कागद शेजारी ठेवले की वाद सुरू होतो, आणि तो वाद होऊ द्या. प्रमाणित पद्धत त्यातून ठरते. वरून छापून आलेल्या पद्धतीला लीडर मनातून मान देत नाहीत.

एक गोष्ट प्रशिक्षणाने सुटणार नाही, ती आत्ताच बघून घ्या. एका लीडरच्या हाताखाली किती माणसं आहेत? टोयोटाच्या रचनेत एका टीम लीडरकडे साधारण चार ते सहा माणसं असतात. अँडॉनची, म्हणजे अडचण आली की मदत बोलावण्याची, दोरी ओढली गेली की त्याला लगेच तिथे पोचायचं असतं, म्हणून. तुमच्याकडे एका सुपरवायझरमागे तीस माणसं असतील आणि वर तोच हजेरी भरत असेल, मालाच्या मागे पळत असेल, तर त्याला कितीही छान शिकवा, शिकवायला तो सापडणारच नाही. बजेटमधला काही भाग वर्गांऐवजी अनुभवी ऑपरेटरांना दिवसातले दोन-तीन तास लाइनमधून मोकळं करण्यावर घाला.

याचा सगळ्यात गाजलेला दाखला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. गैरहजेरी आणि भांडणं यांसाठी तो बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तो नुम्मी या नावाने पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच, संघटनाही तीच, आणि थोड्याच काळात गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्याच्या तोडीचा झाला. सुरू होण्याआधी टीम लीडर आणि ग्रुप लीडर यांना जपानमधल्या ताकाओका कारखान्यात पाठवलं होतं. तिथे ते लाइनवर जपानी लीडरांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. लाइन थांबवण्याचा अधिकार कामगाराला खरोखर असतो आणि थांबवल्यावर कोणीतरी मदतीला येतं, शिव्या द्यायला नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. क्राफसिक याच नुम्मीत इंजिनिअर होते, हे जाता जाता.

दुसरा अभ्यासक्रम, म्हणजे पद्धत सुधारण्याचा, पहिला मुरल्यावर घ्या. त्यात कामाचा प्रत्येक तपशील लिहून काढायचा आणि प्रत्येकाला विचारायचं: हे का लागतं, कशासाठी, कुठे, कधी, कोणी, कसं करावं. मग आधी काढून टाकायचं, नाही जमलं तर एकत्र करायचं, मग क्रम बदलायचा, आणि शेवटी सोपं करायचं. क्रम उलटा झाला की जे काम मुळात नकोच होतं त्यासाठी महागडं फिक्स्चर बनतं. मी असं एक बनवून घेतलं आहे. ते बरेच महिने कपाटात होतं. तिसरा अभ्यासक्रम, माणसांशी वागण्याचा, सगळे टाळतात. टाळू नका. कामगाराने दिलेल्या सूचनेला महिनाभर उत्तर मिळालं नाही, तर पुढची सूचना तो देत नाही. फाइव्ह एसबद्दल एवढंच सांगतो की त्याला वेगळा वर्ग लागत नाही. काम फोडताना हत्यार कुठे हवं ते आपोआप ठरतं.

आता स्किल मॅट्रिक्स. कोणाला कोणतं काम किती येतं ते दाखवणारा, भिंतीवरचा तो चार भागांच्या वर्तुळांचा तक्ता बहुतेक ठिकाणी ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी एकाच पेनाने भरलेला असतो. मी तीन नियम लावतो. वर्तुळाचा भाग भरायचा तो कोणीतरी प्रत्यक्ष उभं राहून बघितल्यावरच, तारीख आणि सही टाकून. पहिला भाग म्हणजे शिकतोय, दुसरा देखरेखीखाली करतो, तिसरा एकटा ठरलेल्या वेळेत आणि दर्जात करतो, चौथा दुसऱ्याला शिकवू शकतो. चौथा भाग त्याने प्रत्यक्ष कोणाला तरी शिकवल्याशिवाय भरायचा नाही. आणि सहा महिने ते काम हाताखालून गेलं नसेल तर एक भाग पुसायचा. पुसण्यावरून कुरकुर होते, पण त्यानंतर तक्त्यावर विश्वास बसतो. प्रत्येक स्टेशनला निदान तीन माणसं तयार हवीत. ज्या ओळीत एकच भरलेलं वर्तुळ दिसतं, पुढच्या महिन्याचं प्रशिक्षण तिथेच.

कंत्राटी आणि हंगामी माणसांना लीनच्या वर्गातून वगळतात, कारण ती टिकत नाहीत. माझा अनुभव उलट आहे: ती टिकत नाहीत म्हणूनच त्यांना पटकन आणि नीट शिकवण्याची रीत सगळ्यात जास्त उपयोगी पडते. लाइनबाहेर एक सरावाची जागा करा, जपानी शब्द वापरायचा तर डोजो. त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही. एक बेंच, रिजेक्ट झालेले सुटे भाग, एक टॉर्क रेंच, एक घड्याळ. नवा माणूस लाइनवर जायच्या आधी तिथे हात बसवतो आणि चुका तिथेच करून घेतो.

प्रमाणपत्रांकडे येतो. बेल्ट ही पदवी सिक्स सिग्माकडून आली, जी १९८० च्या दशकात मोटोरोलात सुरू झाली. टोयोटाच्या पद्धतीत ती मुळात नव्हती. 'ग्रीन बेल्ट' हा शब्द कोणा एका संस्थेच्या मालकीचा नाही. दोन दिवसांत देणारेही आहेत आणि सहा महिने प्रोजेक्ट करून घेणारेही आहेत, कागदावर शब्द तोच. म्हणून आधी परीक्षा घेणाऱ्या संस्थेची अट वाचा. एएसक्यू या गुणवत्ता क्षेत्रातल्या अमेरिकी संस्थेच्या ग्रीन बेल्ट परीक्षेला बसायला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ब्लॅक बेल्टला पूर्ण केलेले दोन प्रोजेक्ट प्रतिज्ञापत्रासह, किंवा एक प्रोजेक्ट आणि तीन वर्षांचा अनुभव. आयएएसएससी ही दुसरी संस्था प्रोजेक्टची अट घालत नाही, तिथे ज्ञानाची परीक्षा आहे. दोन्ही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे, आणि भरती करणाऱ्याला हा फरक क्वचितच माहीत असतो. एसएमई या उत्पादन-अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या लीन प्रमाणपत्राला, ज्याचे ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे स्तर आहेत, परीक्षेबरोबर केलेल्या कामाचा संग्रह सादर करावा लागतो. ब्रिटनमधल्या 'बिझनेस इम्प्रूव्हमेंट टेक्निक्स' या एनव्हीक्यू, म्हणजे राष्ट्रीय व्यावसायिक, पात्रतेत तर मूल्यमापनच कामाच्या जागी, प्रत्यक्ष पुराव्यांवर होतं. ऑपरेटरच्या पातळीला मला तोच प्रकार सगळ्यात समजूतदार वाटतो. आणि एखादी सल्लागार कंपनी 'आम्ही आंतरराष्ट्रीय मानकानुसार शिकवतो' म्हणाली, तर तिला आयएसओ १८४०४ बद्दल विचारा. लीन आणि सिक्स सिग्मामध्ये काम करणाऱ्यांना काय काय यायला हवं, हे त्या २०१५ च्या मानकात लिहिलं आहे. प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला तर पुढे बोलायची गरज नाही.

बेल्ट असलेला उमेदवार समोर आला की मी त्याला प्रोजेक्टचं सादरीकरण दाखवू देत नाही. कोरा कागद देतो आणि आधीची लाइन व नंतरची लाइन काढायला सांगतो. मग विचारतो, तो बदल आज चालू आहे का, आणि तुम्हाला ते कसं कळलं? बरेच जण इथेच थांबतात. मग त्याला शॉप फ्लोअरवर एका जागी अर्धा तास उभं करतो. टोयोटाची उत्पादन पद्धत घडवणारे ताइची ओनो खडूने जमिनीवर वर्तुळ काढून माणसाला त्यात उभं करायचे आणि काय दिसलं ते विचारायचे. तीच ही परीक्षा. पाचव्या मिनिटाला उपाय सुचवू लागणारा माणूस मला नको असतो. 'हा ऑपरेटर दर तिसऱ्या नगाला मागे वळतो, का ते मला अजून कळलं नाही' असं म्हणणारा हवा असतो.

तुमच्या चार इंजिनिअरांना बेल्ट केव्हा द्यायचा, याची खूण सोपी आहे. पद्धत तिन्ही शिफ्टमध्ये एक झाली, माणूस बदलला तरी आकडे हलत नाहीत, आणि तरीही रिजेक्शन एका पातळीखाली येत नाही. तापमान, आर्द्रता, कच्चा माल अशा अनेक गोष्टी एकमेकांत गुंतल्या आहेत असं दिसतं. हीट ट्रीटमेंट, कोटिंग, कास्टिंग इथे ही वेळ लवकर येते. तेव्हा चार नाही, दोघांना पाठवा, आणि जायच्या आधी प्रोजेक्ट ठरवूनच पाठवा.

व्यवस्थापन आकडे मागेल. प्रशिक्षणाचे मनुष्य-तास देऊ नका. मी एके वर्षी ते फार अभिमानाने दिले होते, आणि त्याच पानावर रिजेक्शनचा आकडा जसाच्या तसा होता. नवा माणूस ठरलेल्या सायकल टाइमला (एका नगाला लागणाऱ्या वेळेला) किती दिवसांत पोचतो, पहिल्या महिन्यात त्याच्या हातून किती नग बिघडतात, आणि एका स्टेशनवर आज किती पद्धती चालू आहेत, हे तीन आकडे आजच मोजून ठेवा. तिसऱ्यासाठी नुसतं उभं राहून बघावं लागतं.

आणि रात्रपाळी. प्रशिक्षणाचं वेळापत्रक जवळजवळ नेहमी प्रशिक्षकाच्या सोयीने बनतं, म्हणून रात्रपाळीच्या लीडरांना आठ तास काम करून, जांभया देत, सकाळच्या वर्गात बसवलं जातं. करार करतानाच लिहून घ्या की निदान दोन सत्रं रात्रपाळीच्या वेळेत, त्यांच्याच लाइनवर होतील. जो प्रशिक्षक याला नाही म्हणेल, त्याला दिवसाचंही काम देऊ नका.